सांधा बदलल्यानंतर

रात्रपाळी

मी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात काम करते. फोन घ्यायचा, ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारायचे, उत्तरांवरून श्रेणी लावायची, गाडी सोडायची. तत्त्वज्ञानावरचे धागे मी आजवर नुसते वाचत आले. आज लिहायला बसले, कारण ट्रॉलीच्या कोड्यावरची प्रत्येक चर्चा जिथे थांबते, तिथून पुढचं मला विचारायचं आहे.

एका रात्री फोन आला. मध्यमवयीन गृहस्थ, छातीत दुखतंय, घाम फुटलाय, पण शुद्धीवर आहेत, बोलताहेत. गाडी निघाली. चार मिनिटांनी दुसरा फोन. लहान मूल, घशात काहीतरी अडकलंय, श्वास बंद. निघालेली गाडी त्या घरापासून अगदी जवळ होती. दुसरी मोकळी गाडी खूप लांब. आमचा नियम स्पष्ट आहे. श्वास थांबलेला रुग्ण सगळ्यांत वरच्या श्रेणीत, आणि गाडी पहिल्या रुग्णापाशी पोहोचलेली नसेल तर ती वळवता येते. मी वळवली. लांबची गाडी त्या गृहस्थांकडे पाठवली. मूल वाचलं. लांबच्या गाडीला पोहोचायला १९ मिनिटं लागली, आणि ती पोहोचायच्या आत ते गृहस्थ गेले.

चौकशी झाली, निर्णय योग्य ठरला. सगळे म्हणतात, बरोबर केलंस, आता सोडून दे. मला स्वतःलाही तो निर्णय चूक वाटत नाही. उद्या तीच वेळ आली तर मी पुन्हा गाडी वळवीन. तरी ते सुटत नाही.

म्हणून वाचायला लागले. फिलिपा फुट यांनी १९६७ मध्ये हे कोडं मांडलं, एवढं सगळीकडे सापडतं. निसटलेली ट्राम, रुळांवर पाच माणसं, रुळांचा सांधा बदलून ती वळवली तर दुसऱ्या रुळावरचा एक जण मरणार. मग मतांची मोजणी होते, बहुतेक लोक म्हणतात बदला, आणि विषय संपतो. सांधा बदलणारा माणूस त्या रात्री घरी जातो तेव्हा काय होतं, हे कुणीच लिहीत नाही. बरोबर निर्णयानंतर जे मागे उरतं त्याला काही नाव आहे का? की तो निव्वळ मनाचा कमकुवतपणा?

---

अक्षांश

ताई, आधी तुमच्या वाचनातल्या एका गोष्टीत भर घालतो, कारण तुमच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे.

फुट यांच्या मूळ मांडणीत सांध्याजवळ उभा असलेला वाटसरू नाहीच. तिथे ट्रामचा चालक आहे. त्यांचा निबंध खरं तर गर्भपाताच्या नैतिकतेवरचा होता, ट्राम त्यात ओघात येते. त्यांना दाखवायचं होतं ते असं, की आपल्यावर दोन प्रकारची कर्तव्यं असतात. कुणाला इजा न करण्याचं एक, आणि मदत करण्याचं दुसरं. पहिलं जास्त कडक. चालकाने काहीही केलं तरी त्याच्या हातून कुणीतरी मारलं जाणार आहे, पाच किंवा एक. म्हणजे इजा न करण्याच्याच दोन कर्तव्यांची टक्कर आहे, आणि तिथे कमी इजा निवडणं रास्त. याउलट त्यांचं दुसरं उदाहरण न्यायाधीशाचं. जमाव खवळलाय, आरोपी सापडला नाही तर तो निरपराध लोकांना मारणार, आणि न्यायाधीशाला एका निरपराध माणसाला फासावर देऊन जमाव शांत करता येईल. आकडे तेच, पण इथे आपण नाही म्हणतो. कारण एका बाजूला मारणं आहे आणि दुसऱ्या बाजूला वाचवता न येणं.

वाटसरू आणला तो ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी. पुलावरच्या धिप्पाड माणसाला रुळांवर ढकलून ट्राम थांबवण्याचं उदाहरण त्यांच्या १९७६ च्या लेखात आहे, आणि सांध्याजवळचा वाटसरू १९८५ च्या लेखात. वाटसरूने काहीच केलं नाही तर तो कुणाला मारत नाही. म्हणून त्याचा पेच चालकापेक्षा अवघड. तेव्हा थॉमसन म्हणत होत्या की वाटसरूने सांधा बदलला तर चालेल. आणि २००८ मध्ये त्यांनी स्वतःचंच मत फिरवलं! त्यांनी तिसरा पर्याय जोडला: वाटसरूला ट्राम स्वतःच्या अंगावरही वळवता येते. पाचांसाठी स्वतः मरायला तो तयार नसेल, आणि तसं मरणं त्याच्यावर बंधनकारकही नाही, तर मग दुसऱ्या माणसाला न विचारता ती किंमत त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार त्याला कुठून आला? मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. पण ज्या लेखांवर अख्खं क्षेत्र उभं राहिलं ते लिहिणाऱ्या बाईंनी वीसहून जास्त वर्षांनी सांगावं की मी चुकले होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता तुमचं. तुम्ही चालक नाही आणि वाटसरूही नाही. तुम्ही कुणालाही मारत नव्हता. दोन्हीकडे मदतीचंच कर्तव्य होतं आणि मदत एकच होती. फुट यांच्या हिशोबात हा सगळ्यांत सौम्य प्रकार. फक्त एक गोष्ट मला अडवते. गाडी एकदा निघाली की ती त्या गृहस्थांची झाली होती का?

---

रात्रपाळी

अक्षांश, तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. त्यांच्या पत्नीशी फोनवर मी बोलले होते. "गाडी निघाली आहे, धीर धरा" हे माझे शब्द.

---

सरळरेघ

वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट लिहितो, कारण गुळमुळीत सांत्वनाचा तुम्हाला उपयोग नाही.

माझ्या मते हा पेचच नव्हता. श्वास बंद झालेलं मूल काही मिनिटांत गेलं असतं. शुद्धीवर असलेल्या, बोलणाऱ्या माणसाची वाचण्याची शक्यता त्या क्षणी कितीतरी जास्त दिसत होती. हाती असलेल्या माहितीवर दोन्ही शक्यता मांडल्या तर उत्तर एकच येतं. ते गृहस्थ गेले ही माहिती नंतरची. नंतरच्या माहितीवर आधीच्या निर्णयाचा न्याय करायचा नसतो. आणि जे उरतं म्हणता, ती भावना आहे. भावना असणं स्वाभाविक, पण ती कशाचाही पुरावा नाही. उलट तिला कुरवाळत बसलात तर पुढच्या फोनला हात थरथरेल, आणि त्याची किंमत तिसराच कुणी मोजेल.

जॉन टॉरेक यांनी १९७७ मध्ये विचारलं होतं की माणसांचे आकडे मोजावेतच का. त्यांचं म्हणणं, पाच माणसांचं दुःख एकत्र अनुभवणारं कुणी नसतं. प्रत्येक जण आपापला एकच जीव गमावतो. म्हणून सगळ्यांना समान संधी द्यायची तर नाणं उडवा. तुमच्या खोलीत कुणी नाणं उडवलं असतं तर? मूलही गेलं असतं कदाचित. नियम असतात ते यासाठीच.

---

नोंदवही

नाव आहे. रात्रपाळी यांच्या मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर हे आहे, आणि सरळरेघ यांच्या प्रतिसादाचंही.

बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६५ च्या एका निबंधात म्हटलं की नैतिक पेच हा दोन मतांच्या विरोधासारखा नसतो. दोन विरोधी मतांपैकी एक खोटं ठरलं की ते गळून पडतं, मागे काही राहत नाही. पण दोन कर्तव्यांपैकी एक निवडलं, अगदी योग्य तेच निवडलं, तरी दुसरं खोटं ठरत नाही. ते पाळायचं राहून गेलेलं असतं. इंग्रजीत त्याला भागाकारातल्या बाकीचाच शब्द वापरतात. मला मराठीतला "बाकी" जास्त आवडतो, कारण आपल्याकडे बाकी म्हणजे देणंही.

पुढे १९७६ मध्ये त्यांनी ट्रकचालकाचं उदाहरण दिलं. चालकाची काडीचीही चूक नाही, आणि एक मूल चाकाखाली येतं. बघणाऱ्यालाही वाईट वाटेल, पण चालकाला जे वाटेल ते वेगळ्या जातीचं असेल, कारण ते त्याच्या हातून घडलं. लोक त्याला समजावतील, तुझा दोष नाही, आणि तसं समजावणं योग्यच. पण विल्यम्स पुढे म्हणतात की जो चालक ते फार चटकन, फार सहज मान्य करील, त्याच्याबद्दल आपल्याच मनात शंका येईल. ताई, तुमचे सहकारी "सोडून दे" म्हणाले ते बरोबर, आणि तुम्हाला सोडता आलं नाही तेही बरोबर. दोन्ही एकाच वेळी.

आणि त्या शब्दाबद्दल, "गाडी निघाली आहे". डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० मध्ये जवळजवळ तुमचीच गोष्ट लिहून ठेवली आहे. त्यांचं म्हणणं, संकटातल्या माणसाला वाचवण्यासाठी आपण दिलेला शब्द मोडला तर तो मोडणं योग्य असतं. शरम वाटायचं कारण नाही. पण शब्द पाळण्याचं कर्तव्य त्यामुळे पुसलं जात नाही, म्हणून मनाला टोचणी लागते. आणि त्याहून पुढे, ज्याला शब्द दिला होता त्याचं काही ना काही भरून देण्याचं नवं कर्तव्य तयार होतं. सरळरेघ, ही भावना नाही. हे देणं आहे. भावना त्या देण्याची नुसती आठवण करून देते.

---

चांदणवेल

नोंदवही, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

---

तिठा

कायद्यातही ही बाकी दिसते, आणि तीही मोठ्या विचित्र रीतीने.

१८८४ सालचा इंग्लंडमधला खटला बघा. मिन्योनेट नावाची नौका बुडाली, चार जण होडीत अडकले. अन्नपाणी संपलं. डडली आणि स्टीफन्स यांनी आजारी पडलेल्या १७ वर्षांच्या पोऱ्याला, रिचर्ड पार्करला, मारलं आणि त्याच्या देहावर तिघे जगले. त्यांची सुटका झाली आणि त्यांनी सगळं उघड सांगितलं, कारण समुद्रावर असं चालतं अशी त्यांची समजूत होती. न्यायालयाने निकाल दिला की गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही. फाशी सुनावली. मग ती शिक्षा ६ महिन्यांच्या कैदेवर आली. अमेरिकेत त्याआधी, १८४१ मध्ये, हिमनगावर आपटून बुडालेल्या विल्यम ब्राउन जहाजाच्या होडीतून खलाशांनी प्रवाशांना पाण्यात टाकलं होतं. होम्स या खलाशावर १८४२ मध्ये दोष ठरला, आणि शिक्षा झाली ६ महिने कैद आणि २० डॉलर दंड.

सहा महिने ही खुनाची शिक्षा नाही, आणि निर्दोष सुटकाही नाही. वर्गात आम्हाला हे तडजोड म्हणून शिकवलं होतं. आज वाटतं की न्यायालयांना दोन गोष्टी एकदम म्हणायच्या होत्या आणि निकालपत्रात त्यासाठी जागा नव्हती.

अर्थात रात्रपाळी यांच्या प्रकरणाशी याची तुलना करत नाहीये. त्यांनी कुणाला इजा केली नाही.

---

पानगळ

मला एक विचारायचं आहे, राग मानू नका. श्वास बंद झालेली व्यक्ती ऐंशी वर्षांची असती तर गाडी वळवली असती का?

---

रात्रपाळी

राग कशाला, हाच प्रश्न चौकशीतही आला होता. हो, वळवली असती. आमच्या पडद्यावर वय दिसतं, पण श्रेणी वयावरून लागत नाही. लहान बाळांसाठी प्रश्न वेगळे असतात तेवढंच. तरी प्रामाणिकपणे लिहिते: पडद्यावर वय वाचलं तेव्हा माझा हात जरा जास्त वेगाने चालला असेल तर मला ते कळलं नसतं.

---

अक्षांश

वय आणि माणसाची "किंमत" हा भाग फार निसरडा आहे, आणि त्याचा इतिहास बोलका आहे. १९६० च्या सुमारास सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांच्या शोधामुळे मूत्रपिंड निकामी झालेल्यांना वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगवणं शक्य झालं. यंत्रं थोडी, रुग्ण खूप. मग सात जणांची एक समिती नेमली. वकील, धर्मोपदेशक, बँकेतला अधिकारी, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक शल्यचिकित्सक. नावं गुप्त. आधी डॉक्टर वैद्यकीय निकषांवर चाळणी लावत आणि उरलेल्यांमधून ही समिती निवडत असे. १९६२ मध्ये हे छापून आलं तेव्हा लोक हादरले, कारण समिती लग्न, मुलं, नोकरी, चर्चमधला सहभाग असलं सगळं मोजत होती. माणसं वाईट नव्हती. त्यांना दुसरं काय मोजावं ते सुचलं नाही, आणि जे सुचलं ते त्यांच्यासारखंच दिसणारं निघालं.

आता तोच प्रश्न स्वयंचलित मोटारींच्या निमित्ताने परत आलाय. एमआयटीच्या संशोधकांनी "मॉरल मशीन" नावाचा ऑनलाइन प्रयोग केला. ब्रेक निकामी झालेली गाडी कुणाला चिरडणार ते तुम्ही निवडायचं. २३३ देश आणि प्रदेशांमधून सुमारे ४ कोटी निर्णय जमा झाले, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तरुणांना आधी वाचवण्याकडे जगभर कल दिसला, पण पूर्वेकडच्या अनेक देशांत तो बराच कमी होता. जर्मनीच्या नीती आयोगाने मात्र २०१७ मध्येच सांगून टाकलं होतं की अटळ अपघातात वय, लिंग, शरीर किंवा मनाची स्थिती यावरून माणसामाणसांत फरक करायला सक्त मनाई. मी आयोगाच्या बाजूचा आहे. चार कोटी लोकांनी मत दिलं म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरत नाही.

---

संभाव्यता

धाग्यात निर्णयशास्त्राची बाजू आलीच नाही म्हणून लिहितो. प्रसिद्ध पेचांमध्ये दोन वेगळी घराणी आहेत आणि लोक ती एकाच पिशवीत घालतात.

न्यूकम यांचं कोडं घ्या, जे रॉबर्ट नोझिक यांनी १९६९ मध्ये छापून जगापुढे आणलं. तुमची निवड जवळजवळ अचूक ओळखणाऱ्या कुणीतरी दोन पेट्या ठेवल्यात. उघड्या पेटीत हजार डॉलर. बंद पेटीत दहा लाख किंवा काहीच नाही, आणि तुम्ही फक्त बंद पेटी घेणार असं भाकीत असेल तरच दहा लाख. एक घ्याल की दोन्ही? नोझिक यांचं निरीक्षण असं, की प्रत्येकाला आपलं उत्तर स्वच्छ दिसतं आणि दुसरी बाजू खुळी वाटते, आणि दोन्हीकडे जवळपास निम्मे निम्मे लोक असतात. कैद्यांचा पेच १९५० चा, रँड या संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी खेळ म्हणून आखलेला. कैद्यांची गोष्ट त्याला अल्बर्ट टकर यांनी जोडली: दोघेही गप्प राहिले तर दोघांना थोडीच कैद, पण प्रत्येकाला दुसऱ्याविरुद्ध बोलणंच फायद्याचं दिसतं, आणि दोघे बोलले तर दोघांची कैद वाढते. तिथेही भांडण एवढंच की शहाणपणाचं काय. या घराण्यात निर्णय झाला की मागे कुणी रडत नाही. फार तर पैसे जातात किंवा कैद वाढते. रात्रपाळी यांचा प्रश्न दुसऱ्या घराण्यातला.

पण आमच्या घराण्यातली एक गोष्ट त्यांच्या फार कामाची आहे. १९८१ मध्ये ट्वर्स्की आणि कानमन यांनी लोकांना विचारलं: एका साथीत ६०० जण मरणार आहेत. एका उपायाने २०० वाचतील. दुसऱ्या उपायाने सगळे वाचण्याची शक्यता एक तृतीयांश आणि कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. ७२ टक्के लोकांनी पहिला, खात्रीचा उपाय निवडला. दुसऱ्या गटाला हेच सांगितलं, फक्त शब्द बदलून: पहिल्या उपायाने ४०० मरतील. आता तोच उपाय निवडणारे २२ टक्केच उरले. आकडे तेच, माणसं तीच. "वाचतील" च्या जागी "मरतील" आलं.

तुमच्या अहवालात त्या रात्रीबद्दल कोणतं क्रियापद आहे?

---

रात्रपाळी

आत्ता उघडून पाहिलं. "वाहन उच्च प्राधान्याच्या कॉलकडे वळवण्यात आले." आणि खाली, "प्रथम कॉलसाठी पर्यायी वाहनाची व्यवस्था करण्यात आली."

त्यांच्या पत्नीच्या तक्रारीत शब्द होता "काढून घेतली".

तीच गाडी, तेच वळण. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी इतके दिवस पहिलं वाक्य वाचून स्वतःची समजूत घालत होते आणि रात्री दुसरं ऐकू येत होतं.

---

सरळरेघ

संभाव्यता यांच्या उदाहरणाचा अर्थ मी उलटा लावतो. शब्द बदलल्याने उत्तर बदलतं, म्हणजे उत्तर शब्दांवर सोडू नये. आकड्यांवर सोडावं.

शिवाय ही कोडी कागदावर सोडवणारे आपण आणि प्रत्यक्ष सोडवणाऱ्या रात्रपाळी, यात मोठं अंतर आहे. २०१८ मध्ये बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी खऱ्या उंदरांचा प्रयोग केला. पाच उंदरांना विजेचा झटका बसणार, बटण दाबलं तर तो एकाच उंदराला बसेल. झटका प्रत्यक्षात कुणालाच बसत नव्हता, पण सहभागींना ते माहीत नव्हतं. कल्पनेत विचारलं तेव्हा जितक्यांनी बटण दाबलं नसतं म्हटलं, त्याच्या साधारण निम्म्याच लोकांनी प्रत्यक्षात हात मागे घेतला. आणि कोड्यांना दिलेल्या उत्तरांवरून प्रत्यक्षातलं वागणं ओळखता येत नव्हतं. म्हणून गाडी वळवतानाच्या तुमच्या त्या काही सेकंदांना मी इथल्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त मान देतो.

---

सायंतारा

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे.

माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही वाट बघत होतो. सांगितलं होतं, गाडी निघाली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. भाऊ रस्त्यावर जाऊन उभा. पुन्हा फोन केला तर "येतेच आहे". खूप उशिरा आली. बाबा हॉस्पिटलात पोहोचले, पण दोन दिवसांनी गेले. कित्येक महिन्यांनी, कागदपत्रांसाठी खेटे घालताना, एका कर्मचाऱ्याच्या बोलण्यातून कळलं की पहिली गाडी अपघाताकडे वळवली होती.

खरं सांगते, गाडी वळवली याचा राग आला नाही. अपघातात तीन जण होते म्हणे. त्यांनीही कुणाची तरी वाट पाहिली असेल. राग आला तो "येतेच आहे" चा. शेजाऱ्यांची गाडी दारात उभी होती. आम्हाला कुणी सांगितलं असतं की ती गाडी आता येणार नाही, दुसरीला वीस मिनिटं लागतील, तर आम्ही बाबांना उचलून नेलं असतं. कदाचित काही फरक पडला नसता. पण निर्णय आमच्या हातात आला असता. तुम्ही सगळे सांधा बदलणाऱ्याबद्दल बोलताय. दुसऱ्या रुळावर उभ्या असलेल्या माणसाला कुणी हाक का मारत नाही?

---

नोंदवही

सायंतारा, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्याने कोड्याची एक खोट दाखवली जी मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. कोड्यातली माणसं रुळांना बांधलेली असतात, किंवा त्यांना बाजूला व्हायला वेळ नसतो. त्यांना काही सांगून उपयोग नाही अशी अटच घातलेली असते. खऱ्या आयुष्यात ती अट बहुतेक वेळा नसते, आणि आपण कोड्यातून ती उचलून आणतो.

रूथ बारकन मार्कस यांचा १९८० चा एक लेख आहे. त्यांचं म्हणणं, खरे नैतिक पेच असतात म्हणून आपली तत्त्वं विसंगत ठरत नाहीत. पण पेचानंतरची टोचणी आपल्याकडून काही मागते: असे प्रसंग कमीत कमी येतील अशा रीतीने आपलं आयुष्य आणि आपल्या संस्था बांधायला हव्यात. टोचणी नसती तर ती बांधायची गरजच कुणाला जाणवली नसती. सरळरेघ, "भावना पुरावा नाही" याला माझं हे उत्तर.

---

सरळरेघ

हे मान्य. म्हणजे एवढं मान्य, की सायंतारा यांच्या घरी फोन गेला असता तर परिणाम सुधारण्याची शक्यता होती, आणि ती माझ्या हिशोबात धरायलाच हवी होती. मी फक्त गाडी कुठे जावी एवढंच मोजत होतो. टोचणीशिवाय हे सुचलं असतं का, यावर विचार करतो. टॉरेक यांच्या नाण्याबद्दल माझं मत तेच आहे.

---

पानगळ

रात्रपाळी, तुम्ही त्यांच्या पत्नीला भेटू शकता का?

---

रात्रपाळी

नाही. तक्रार झालेल्या प्रकरणात संपर्क करायचा नाही असा नियम आहे, आणि त्यामागचं कारण मला समजतं. माझ्या जाण्याने त्यांना बरं वाटेल की मलाच, हेही मला नक्की सांगता येत नाही.

सायंतारा, तुमचा प्रतिसाद मी कामाच्या मधल्या सुट्टीत वाचला आणि तशीच बसून राहिले. त्या रात्री मी त्या घरी परत फोन केला नव्हता. मुलाच्या आईला पाठीत थापट्या कशा द्यायच्या ते मी सांगत होते, ओळ सोडता येत नव्हती. पण शेजारच्या टेबलावर सहकारी मोकळा होता. त्याला खूण केली असती तर त्याने फोन लावला असता. आम्हाला ते सुचलं नाही, कारण आमच्या प्रश्नावलीत गाडी वळवण्याचं पान आहे आणि त्या पानावर पुढची गाडी शोधा, वेळ नोंदवा, वरिष्ठांना कळवा, एवढंच आहे. ज्यांच्याकडे जाणारी गाडी वळवली त्यांचा त्यात उल्लेखच नाही.

त्यांच्या घरी वाहन होतं का, मला माहीत नाही. विचारलंच नव्हतं.

काल मी अर्ज लिहिला. पानावर एक ओळ वाढवावी अशी मागणी आहे: गाडी वळवताच पहिल्या घरी फोन करून सांगावं की ती गाडी येणार नाही, दुसरी कुठून निघाली आणि तिला किती वेळ लागेल, आणि तेवढ्यात लक्षणं बदलली आहेत का ते पुन्हा विचारावं, म्हणजे श्रेणी पुन्हा लावता येईल. फोन घेणारी व्यक्ती अडकलेली असेल तर शेजारच्या टेबलाने करावा. एका सहकाऱ्याची हरकत अशी आहे की लोक घाबरून रुग्णाला नको तसं हलवतील, आणि ती हरकत खोटी नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला जिने उतरवणं धोक्याचं असू शकतं. म्हणून काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही ती वाक्यं आमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत असं मी खाली जोडलं.

अर्जाला कारण लिहावं लागतं. तिथे आधी "वाहन वळवण्यात आल्याच्या घटनेच्या अनुषंगाने" असं लिहिलं होतं. ते खोडून लिहिलं, "मी एका घरी गाडी निघाली असं सांगितलं आणि नंतर ती काढून घेतली."